माडवेळची पुळण तुळसाकाकींनी सर केली, त्याची हकीगत

माडवेळ वाचनालयाचे मंडळींनी आज्ञा केली की, आपले गावी समुद्रस्नानाचे निर्बंध कैसे लागले, त्यावरून घरोघरी रण कैसे माजले, आणि अखेर कोण कोठवर पाण्यात गेले, हे साद्यंत कागदावर यावे. नाहीतर पुढील पिढी म्हणेल, आमच्या आज्या वेड लागोन दर्यात शिरत होत्या. आज्ञा शिरसावंद्य मानोन, जे पाहिले व जे विहिरीवर ऐकिले, ते पदरचे मीठ न घालता लिहितो. दर्याचे मीठ यात आपोआप आले असेल, त्यास इलाज नाही.

माडवेळ हे मालवण मुलखातील लहानसे ठाणे. पुढे दर्या, मागे माडांची फौज, आणि मध्ये पांढरी पुळण. पाऊस सरोन समुद्र निवाला म्हणजे घाटावरील व मुंबईचे पाहुणे टोळीटोळीने चालोन येत, बोटींत बसत, पाण्यात डुंबत, सुरमई फस्त करीत, आणि जाताना एकेक चप्पल वाळूत ठेवोन जात, ऐसा परिपाठ. या पुळणीचा बंदोबस्त राहावा म्हणोन ग्रामपंचायतीने किनारा समिती नेमिली आणि तिची सरदारी राजश्री भाई यांस दिली. भाईंची सारी उमर व्यापारी जहाजांवर गेलेली. सिंगापूर, रॉटरडॅम, मोंबासा ऐशी बंदरे पायांखाली घातलेली. आता गळ्यात दुर्बीण व डोईस पांढरी टोपी घालोन ते दोन वेळ पुळणीवर फेरी करीत, आणि कुत्रीही त्यांस पाहून बाजूस होत.

त्यांचे कुटुंब सौभाग्यवती तुळसाकाकी. पुत्र जितेंद्र मुंबईस नोकरीत, आणि सून नम्रता गावचे शाळेत मास्तरीण. नम्रता इन्सुलीची लेक, म्हणजे वरच्या मुलखातील. तेथील नदीचे डोहात भावांबरोबर पोहून वाढलेली.

माडवेळच्या बायकांचे दर्याशी नाते अजब. त्याची गाज ऐकत त्यांनी पोरे निजविली, त्याचे मासे शिजविले, मुळे-शिंपले वेचताना गुडघाभर पाण्यात ओणव्या राहिल्या. परंतु गुडघ्यापलीकडे परमुलूख. तेथे पुरुषांचा व पाहुण्यांचा अंमल. मग ऐसे जाहले की, काकींचे गुडघे धरले आणि डॉक्टरांनी फर्माविले की पाण्यात चालावे. काकी दुपारची कामे उरकोन खडकाचे आडोशास जाऊ लागल्या, आणि एके दिवशी कमरेइतक्या पाण्यात असता लाट आली व तिने त्यांचे पाय भुईवरून अलगद उचलिले. एक क्षण काय तो. परंतु त्या क्षणी देहास वजन म्हणोन राहिले नाही, गुडघा नाही, घर नाही, संध्याकाळची भाकरी नाही. काकींनी हे शेजारच्या राधाबाईंस सांगितले, राधाबाईंनी सुशीलाबाईंस, आणि आठवडा न लोटता वाडीतील बायकांची एक पलटणच दुपारी साड्या खोचोन पाण्यात उभी राहू लागली, आणि लाट आली की पोरींगत ओरडू लागली.

दैव बरे तोवर बरे. एके दुपारी मोठी लाट येऊन सुशीलाबाईंची साडी पायांत गुरफटली, त्या आडव्या जाहल्या आणि ओढीबरोबर आत जाऊ लागल्या. पुळणीवरील जीवरक्षक धनेश हा त्यांचाच पुत्र. त्याने उडी टाकोन मातोश्रींस बाहेर काढिले. पाणी पोटात गेले, ते उलटले, जीव वाचला. परंतु भाईंनी हे सर्व दुर्बिणीतून पाहिले होते. आणि सुशीलाबाईंमागे चार हातांवर आपलेच कुटुंब उभे, हेही पाहिले होते.

दुसरे दिवशी समितीची बैठक बसोन फर्मान निघाले आणि पुळणीचे तोंडाशी फलक उभा राहिला. लाल-पिवळ्या निशाणांमध्येच पाण्यात उतरावे. साडी, गाऊन, लुंगी, धोतर नेसोन गुडघ्यापलीकडे जाणारास सक्त मनाई. साठीपुढील माणसाने पोहणारा सोबती असल्याविना पाण्यात पाऊल घालू नये. कलमे शहाणपणाची, त्यांस दोष देता येत नाही. परंतु पाहुण्यांपाशी पोहण्याचे पोशाख होते, आणि माडवेळच्या बायकांपाशी साड्याच होत्या. यामुळे घडले ऐसे की, चिंचवडचा मनुष्य कंठापर्यंत पाण्यात, आणि ज्यांचा दर्या त्या वाळूत उभ्या राहून त्याची चप्पल राखीत आहेत.

त्या सांजेस काकींनी भाकरी थापली, परंतु ताटापुढे बसल्या नाहीत. भाईंनी विचारिले की मर्जी खप्पा कां? मग जो जाबसाल जाहला, तो सून ओटीवरून ऐकत होती, म्हणोन जसाचा तसा देतो.

काकी म्हणाल्या, "तुमी बोर्ड लावलास तो कोणासाठी? भायरच्यांसाठी की माझ्यासाठी?"

भाईंनी आमटीत भात कालविला. मग म्हणाले, "माका पोवाक येणा नाय, तुळसा. तू भितर गेलस आणि काय झाला, तर मी काठार उभो रवान काय करतलंय?"

ही गोष्ट गावास नवी वाटेल, परंतु सत्य आहे. ज्याने सात समुद्र ओलांडिले त्यास ओंजळभर पोहता येत नव्हते. जहाजावरील पुष्कळांचे ऐसेच असते, आणि ते कोणी बोलत नाही. काकींसही इतक्या वर्षांच्या संसारात हे प्रथमच कळले. त्यांचा राग किंचित हलला, परंतु मोडला नाही.

"तुमी सगळी वर्सां बोटीर काढलास," त्या म्हणाल्या. "थंय काय झाला तर मी हय बसान काय करतलंय, ह्या माका कोणी इचारल्यान?"

भाई हात धुवोन अंगणात गेले, आणि दुर्बीण डोळ्यांस लावोन, अंधार पडला असताही, बराच वेळ दर्याकडे पाहत राहिले.

मग स्वयंपाकघरात खलबत बसले. राधाबाईंचे मत पडले की फलकच उपटोन विहिरीत टाकावा. नम्रताने सासूबाईंस हात जोडोन अर्ज केला की, फलक खोटा नाही, सुशीलाकाकी खरोखर जात होत्या. तर फलकाशी भांडू नये, त्याचे एकेक कलम पुरे करावे, मग अडविणारासच शब्द उरणार नाही. ही मसलत सर्वांस मानवली. वाडीत किशोरी म्हणोन ब्लाऊज शिवणारी होती, तिजला चिलखताचे काम सांगितले. तिजपाशी शाळेचे संमेलनातून उरलेले लवकर सुकणारे कापड होते, ते पोपटी रंगाचे. दुसरा रंग मिळेना. त्याच्या तिने पोटरीपर्यंत तुमानी व कोपरापर्यंत बाह्यांचे सदरे शिवले. राधाबाई आरशापुढे उभ्या राहून म्हणाल्या की आपण मिरचीसारख्या दिसतो, आणि इतके हसल्या की एक शिवण उसवली.

परंतु ते कपडे घालोन घराबाहेर पडणे हे हसण्याजोगे नव्हते. ज्यांनी जन्मात साडीवाचोन रस्ता पाहिला नाही, त्यांस माडांतून पुळणीवर येताना पाय उचलेनात. वर चादरी गुंडाळिल्या होत्या. पाहुणे वळोन पाहू लागले, एकाने मोबाईल उगारिला. राधाबाईंनी त्याकडे ऐसे काही पाहिले की त्याने तो खिशात घालोन क्षमा मागितली. मग निशाणांपाशी येऊन काकींनी आपली चादर वाळूत टाकिली, आणि मागोमाग सर्वांनी टाकिल्या, आणि पोपटी पलटण पाण्याकडे चालोन निघाली.

धनेशाची अवस्था बिकट. समितीचा हुकूम एकीकडे, मातोश्री दुसरीकडे. त्याने डोळे मिटोन शिटी फुंकली. सुशीलाबाई थबकल्या आणि साऱ्या पुळणीस ऐकू जाईल ऐशा म्हणाल्या, "काय रे, आवशीर शिटी मारतंस?"

धनेशाने शिटी तोंडातून काढोन सदऱ्यास पुसली आणि नजर वाळूत घातली. इतक्यात भाई येऊन दाखल जाहले. त्यांनी कपडे पाहिले. कलमात बसत होते. बायका निशाणांचे आत होत्या. मग त्यांनी तिसरे कलम काढिले की, पोहणारा सोबती कोठे? त्यावर नम्रता पुढे आली. भाईंनी सांगितले की नदी वेगळी, दर्या वेगळा. एका निशाणासमोरून दुसऱ्या निशाणासमोर, छातीपलीकडचे खोल पाण्यात, पोहून दाखवावे, आणि धनेशाने तरंगती फळी घेऊन पाठीशी राहावे. सुनेने मान लवविली आणि ती पाण्यात शिरली.

आता दर्याने तिची खोड मोडिली, तेही लिहिणे प्राप्त आहे. नदी एका दिशेस जाते, दर्या चहूंकडून येतो. तिसऱ्याच लाटेस नाकातोंडात पाणी जाऊन ती खोकत, डोळे चोळीत माघारी आली. पाहुण्यांत कोणी हसले. भाई हसले नाहीत, त्यांचा चेहरा उतरोन गेला, आणि ते म्हणाले, "पुरे झाला, बाय. चल घराक."

नम्रताने केस पिळले. धनेशाने हळूच सांगितले की लाट फुटण्याआधी तिच्याखालून जावे, तिच्याशी कुस्ती करू नये. ती पुन्हा गेली. या खेपेस लाट आली की डोके खाली घाली आणि पलीकडे निघे, जैसा पाणकावळा बुडी मारणारा. मध्यावर काही काळ दिसेना. आणि तेव्हा सर्वांनी पाहिले की, भाई टोपीसुद्धा, चपलांसुद्धा, लुंगी भिजवीत मांडीभर पाण्यात गेले आहेत आणि "नम्रता! नम्रता!" ऐशा हाका मारीत आहेत. स्वतःस पोहता येत नाही, याचे त्यांस भान नव्हते. काकी धावोन जाऊन त्यांचा दंड धरत्या जाहल्या.

नम्रता दुसऱ्या निशाणासमोर वर निघाली आणि हात उंच केला. पुळणीवर जो गलका जाहला त्याने खडकावरील बगळे उडाले. हसणाऱ्या पाहुण्यानेच प्रथम टाळी दिली.

मग तेथेच, ओल्या वाळूत, तह जाहला. फलक राहावा व कलमेही राहावीत; परंतु त्यांखाली आणिक एक कलम चढावे की, दुपारची भरती-ओहोटी पाहून एक वेळ गावच्या बायकांची, त्या वेळेस निशाणांमध्ये बोटी न याव्यात, आणि नम्रता व धनेश यांनी इच्छील त्यास पोहणे शिकवावे. समितीने हे एकमताने मंजूर केले. भाईंनी शिकणारांत पहिले नाव काकींचे सांगितले, आणि किंचित खाकरोन दुसरे आपले सांगितले. यावर कोणी हसले नाही, हा माडवेळचा मोठेपणा.

पुढे थंडीचे अखेरीस, पाणी आरशासारखे असता, भाई उताणे होऊन पाण्यावर पडण्यास शिकत होते. अंग लाकडासारखे ताठ, डोळे गच्च मिटलेले, आणि पाठीखाली काकींचा हात. काकी तोवर चांगल्या तरंगू लागल्या होत्या.

काकींनी विचारिले, "सोडू?"

भाई म्हणाले, "रव गो जरा."

काकी राहिल्या. लाट आली, तिने दोघांस उचलिले व खाली ठेविले. भाईंची मान सैल पडली, मग खांदे, मग त्यांनी डोळे उघडिले. बराच वेळ त्यांनी आकाशाकडे पाहिले. मग विचारिले की आता सोडतेस काय, आणि उत्तर आले नाही, म्हणोन त्यांनी मान वळविली, तो काकी हातभर अंतरावर, दोन्ही हात पाण्याबाहेर धरोन, हसत उभ्या होत्या.

येणेप्रमाणे माडवेळची पुळण सर जाहली. दोन्ही पक्ष पाण्यात राहिले, बुडाले कोणी नाही. जैसे घडले तैसे लिहिले. वाचणारांनी निशाणांचे आत राहून आनंद करावा, हे विनंती.