पास्कूकाकांना दिसणारे उजेड

कट्टा गावच्या बाजारात पास्कूकाकांच्या दुकानात गेलात, तर प्लेअर बिघडलाय असं म्हणायचं नाही. ‘याला दिसत नाही’ असं म्हणायचं. मग काका चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांच्या डॉक्टरासारखं विचारतात, "काय दिसणा नाय? सीडी काय डीव्हीडी?"

माझ्या प्लेअरला डीव्हीडी दिसत होती. सीडी नाही. माझ्या वडिलांनी, दादांनी, भावाच्या लग्नात देवाला घातलेलं गाऱ्हाणं चुलतभावाने घरच्या कॉम्प्युटरवर सीडीत भरलं होतं. दादांना जाऊन तीन वर्षं झाली. सगळे म्हणाले, सीडी गेली.

काकांनी ती उन्हात तिरकी धरली. "सीडी बरी आसा गो. मशिनीचो एक डोळो गेलो."

"एक? असतात किती?"

हे विचारलं की अर्धा तास गेलाच. डीव्हीडीला लाल लेझर. ब्लू-रेला निळा, कारण तिथलं अक्षर सगळ्यात बारीक. सीडीचा उजेड तर आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

"मग लाल उजेडाने सीडी वाचायची."

"घरात भरलेल्या सीडीचो रंग लाल उजेड गिळून टाकता. परत कायच येणा नाय. वाचतलो काय?"

"त्यापेक्षा कुणाकडून तरी मोबाईलवर उतरवून घेते."

"मोबायलात माणूस बारीक जाता," काका म्हणाले आणि प्लेअर ठेवून घेतला.

चार दिवसांनी तो दुसरा डोळा, म्हणजे लेझरची लेन्स, बसवून घरी आला. दादांचा आवाज पडवीत घुमला. आई भाजी निवडायची थांबली, ती गाऱ्हाणं संपेपर्यंत हलली नाही.

ही जुनी लेन्स मिळाली कुठे, असं मी काकांना विचारलं.

"होती एक."

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिसाहून परतताना, इस्त्रीच्या शर्टात काका आमच्या दारात उभे. हातात सीडी.

"ही हंय लावशीत गो? माझ्या घरच्या मशिनीक आता सीडी दिसणा नाय."

लेन्स कुठली, ते तेव्हा कळलं. मी सीडी लावली.

काकांचा मुलगा कुवेतला गेला तेव्हा त्याच्या आईने, मारीकाकीने, त्याच्यासाठी घरातले आवाज भरून ठेवले होते. काकी वारल्यापासून काका एकटेच असतात. कोंबड्या ओरडल्या, भांडी वाजली, मग आतून काकीची हाक आली, "पास्कू, चाय थंड जाता."

"येतंय," काका हळूच म्हणाले.