सूर्यास्तानंतरचा हक्क

आमच्या शेजारच्या मेश्राम काकांना रोजच्या सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट पाठ असते. पूजेसाठी नाही, उपासासाठी नाही. चोरासाठी.

"ताई, सूर्य बुडाल्यावर चोर घर फोडून आत शिरला, तर त्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क आहे आपल्याला," फाटकाशी गाठून ते मला सांगतात. "दिवसा तसं नाही बरं. दिवसा गरजेपुरतंच मारायचं."

मी दिवसभर लखनौच्या चारबागमधल्या बँकेत लोकांचा त्रागा ऐकून आमच्या वृंदावन योजना कॉलनीत परतलेली असते. खांद्याला डब्याची पिशवी, हातात पालकाची जुडी. त्या वेळी मला कुणाचाच जीव घ्यायचा नसतो, नुसतं आडवं व्हायचं असतं. पण काकांचा कायदा संपेपर्यंत सुटका नाही.

काका मूळचे नागपूरचे. सरकारी नोकरीत इकडे आले, इथेच निवृत्त झाले. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगा प्रशांत हैदराबादला असतो आणि त्याचं एकच पालुपद, घर विका आणि माझ्याकडे या. मागच्या खेपेला तर त्यानं बजावलंच, "एक भी चोरी हुई ना, तो मैं नहीं सुनूँगा. सीधे ले जाऊँगा." त्या दिवसापासून काकांनी कायदा घोकायला घेतला. घर आपण एकट्यानं राखू शकतो, हे त्यांना पोराला दाखवायचं होतं.

काठी आणली. तिला तेल पाजलं. भाजीवाल्याला अंगणात यायची बंदी झाली. "फाटक के अंदर आए तो गृह-अतिचार लगेगा," काकांनी त्याला घुसखोरीच्या कलमाचा दम दिला. तो लखनौचा, त्याला काय फरक पडतो. दुधी पुढे करत म्हणाला, "बाबूजी, लौकी ताज़ी है, लौकी लीजिए. धारा फिर कभी लगा लीजिएगा."

कायद्याचा जोर सूर्यास्तानंतर, म्हणून काकांचा पहाराही सूर्यास्तानंतर. रात्रभर दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि दुपारी ढाराढूर झोपायचे. मी एकदा म्हटलं, "काका, चोरानं कायदा वाचला नसेल तर?" त्यांना ते आवडलं नाही.

गेल्या रविवारी चोर आला. अर्थातच भर दुपारी.

संध्याकाळी काका बादली घेऊन माझ्या दारात उभे. तोंड उतरलेलं. पाण्याची मोटर चोरीला गेली होती. "डोळा उघडला तर एक माणूस मोटर उचलून अंगणात उभा," ते सांगू लागले. "मी विचारलं, भाईसाहब, आप कौन हैं? किससे मिलना है?"

"चोराला आप?"

"इतकी वर्षं इथं काढली, ताई. तोंडातून दुसरं काही निघेचना. तो म्हणाला, बाबूजी, मोटर जल गई है, दुकान ले जा रहे हैं. मला वाटलं, तुम्हीच पाठवला असेल."

"आणि काठी?"

"ती दारात आडवी होती. त्याला जायला अडचण नको म्हणून बाजूला केली." मग खालच्या आवाजात, "फाटकही मीच उघडून दिलं. त्याचे दोन्ही हात अडकले होते ना."

मी पोट धरून हसले. मग त्यांच्या हातातली रिकामी बादली दिसली आणि स्वतःचीच लाज वाटली. "चला, ठाण्यात तक्रार देऊ," मी म्हटलं.

"नको. प्रशांतला कळेल."

तेवढ्यात त्याचाच फोन आला. बापाच्या 'ठीक आहे'वर त्याचा भरवसा नाही, म्हणून दर रविवारी तो मला विचारतो. "आंटी, पापा ठीक हैं न? कुछ हुआ तो नहीं?" काका बादलीची कडी घट्ट धरून माझ्याकडे बघत होते.

"सब ठीक है बेटा," मी म्हटलं. फोन ठेवला आणि माझा पारा चढला. दिवसभराचं, वर्षभराचं सगळं निघालं. "काका, कशासाठी हा आटापिटा? मला खोटं बोलायला लावता. पोरगा जीव तोडून बोलावतोय, तर सुखानं जायचं सोडून रात्र रात्र जागता."

काकांनी बादली खाली ठेवली.

"तो साहेबाकडे सुट्टी मागते ना, तेव्हा काय म्हणते, ठाऊक आहे? घर जाना है, म्हणते," ते हळूच म्हणाले. "मीच तिकडं जाऊन राहिलो, तर पोरगं सुट्टीत कुठं जाईल, ताई?"