युवराजच्या मोटारीची ठिणगी कुणी पळवली?

माझं नाव धुळाप्पा. सोलापुरात सात रस्त्याला, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी गुन्हेगारी जवळजवळ संपवत आणली आहे. शहरात गुन्हे होत नाहीत असं नाही, पण ते माझ्यापर्यंत येत नाहीत. हा माझा धाक. नजर अशी की, तळ्याच्या तळाशी माशानं पापणी लववली तरी मला काठावरून दिसावं.

"माशाला पापणी नसते," असं माझी सहायक विजयमाला म्हणते. ती माझी लग्नाची बायको असल्यामुळं तिला कामावरून काढता येत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तिच्या भाच्याचा फोन आला. हा युवराज टेंभुर्णीपलीकडं, उजनीच्या पाण्यावर होडी चालवतो. माणसं, मोटारसायकली, शेरडं, जे येईल ते या काठावरून त्या काठाला. होडीच्या शेपटाला एक जुनी मोटार टांगलेली, कोकणातल्या कोळ्याकडून वापरलेली घेतलेली. दोरी ओढली की ती खोकायची, खोकली की चालायची. आज खोकतच नव्हती.

"काका, मावशीला द्या की फोन," युवराज म्हणाला.

मी प्रकरण स्वीकारलं.

प्रकरण नाजूक होतं. पलीकडच्या काठावरचे कोंडीबा त्यांची मुलगी सुकन्या हिला घेऊन दुपारी येणार होते. मुलगी बघणं मागंच झालं होतं. पोरापोरीनं एकमेकांना बघून मान खाली घातली होती आणि तशीच हसली होती. आज मोटार बघायची होती. कोंडीबांनी निरोप धाडला होता, "येताना जीपनं येतो. जाताना तुमच्या होडीतनं घरी सोडा. पोचलो की सुपारी फोडू. न्हाय पोचलो, तर बंद मोटारीच्या घरात पोरगी देत न्हाय." टेंभुर्णीचा मिस्त्री सणाला गावी गेला होता. युवराजचं लग्न आता त्या मुक्या लोखंडावर आणि माझ्यावर अवलंबून होतं.

एसटीनं आम्ही काठावर पोचलो. मोटारीकडं एक नजर टाकताच मी मागं सरकलो.

"रक्त," मी म्हणालो.

"कुंकू," विजयमाला म्हणाली.

"आणि या झेंडूच्या पाकळ्या. म्हणजे गुन्हेगार फुलवाला. झटापटीत जखमी झाला, आणि मोटारीत काहीतरी बिघाड करून पळाला. हे पाहा चिखलातले ठसे."

"ते तुमच्याच चपलांचे हायत, दाजी," युवराजची आई गोजाबाई काठावरच्या घरापुढच्या चुलीपासून म्हणाली. ती पोह्यांची तयारी करत होती. ठसे माझ्यासारखेच असलेला फुलवाला म्हणजे भलताच चलाख माणूस. मी ही गोष्ट मनात नोंदवली.

दुसरा संशय पेट्रोलवर. मी टाकीचं झाकण उघडून खोल श्वास घेतला आणि थोडा वेळ मला दोन उजन्या दिसल्या. तोवर विजयमालेनं प्लग काढला, टोपी लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि युवराजला दोरी ओढायला सांगितली.

"ठिणगीच पडंना," ती म्हणाली. "पेट्रोलचा दोष न्हाय. दुसरा प्लग हाय का?"

दुसरा प्लग निघाला. तोही तसाच थंड. युवराजनं वायर कुठं तुटलीय का ते बोटांनी चाचपलं. वायर धड होती. पोरगं घामानं निथळत होतं आणि सारखं पलीकडच्या काठाकडं बघत होतं. तिकडं बाभळींच्या निळसर रेघेमागं सुकन्येचं गाव. एवढंसं पाणी मधे, आणि तेच ओलांडता येईना.

"ठिणगीला ओल बाधली," मी निदान केलं. "आयुष्यभर पाण्यात राहायचं म्हणजे सर्दी होणारच. मोटारीला गोधडी गुंडाळा."

गोधडी गुंडाळली. मोटार झोपल्यासारखी दिसू लागली, म्हणजे गुण येत होता. चुलीपाशी गोजाबाई जात्यावरच्या चालीत गुणगुणली:

होडी माझ्या बाळाची गं, पाण्यावरची पाकोळी
कशी मुकी झाली बाई, सुपारीच्या येळी

तेवढ्यात जीप आली. सुकन्येला घेऊन कोंडीबा उतरले. पोह्यांची बशी हातात घेऊन थेट होडीपाशी आले.

"आजारी हाय व्हय?" त्यांनी गोधडीकडं बघून विचारलं.

"तपास अंतिम टप्प्यात आहे," मी म्हणालो. "एक जखमी फुलवाला—"

"चालू होतीया का न्हाय?"

युवराजनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. मोटारीनं हूं का चूं केलं नाही. कोंडीबांनी बशी खाली ठेवली आणि जीपवाल्याला थांबायची खूण केली. युवराजच्या हातातली दोरी तशीच लोंबत राहिली.

सुकन्या मात्र जीपकडं गेली नाही. पदर खोचून ती होडीत चढली, गोधडी बाजूला केली आणि मोटारीजवळ वाकली.

"हे लाल बटण आत दबून बसलंय की," ती म्हणाली. "आमच्या फवारणीच्या पंपाचं बंद करायचं बटण आसंच दबतंय. ह्याच्या गळ्याला खाच हाय. हितं काय अडकवायचं असतंय?"

"तितं एक लाल चाप असतोय, दोरीवाला," युवराज म्हणाला. "घेतली तवापासनं तितंच होता. मला वाटलं शोभेचा हाय."

"मग कुटं हाय?"

युवराजनं माझ्याकडं बघितलं. मी फुलवाल्याच्या दिशेनं बघितलं.

"देव्हाऱ्यात," गोजाबाई म्हणाली.

सगळे वळले.

"काल दसऱ्याला सगळी आपापल्या गाडीच्या किल्ल्या देवापुढं ठेवत्यात. हिला किल्लीच न्हाय. मग पूजा कशाची करायची? ही लाल दोरी दिसली, म्हटलं हीच आसंल. काढली आन् ठेवली, हळद-कुंकू लावून."

"आई, सकाळधरनं मी दोरी ओढतोय की."

"मला कुणी इचारलं? दाजी आल्यापासनं नुसता चहाच मागत्यात."

चाप आला, कुंकवानं माखलेला. आरोपी देवापाशी सापडल्यामुळं मी त्याला अटक केली नाही. सुकन्येनं बटण वर ओढून खाली चाप बसवला. युवराजनं दोरी ओढली. मोटार खोकली, शिंकली आणि गडगडू लागली. काठावरचे बगळे उडाले.

सगळे होडीत बसले. चापाच्या दोरीचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. ते कशासाठी, हे मी एका क्षणात ओळखलं आणि काठावरच्या खुंट्याला पक्कं बांधलं. होडी हातभर सरकली, चाप निसटला आणि मोटार गप्प झाली.

"अहो," विजयमाला म्हणाली. एवढंच म्हणाली.

सुकन्या दोरीकडं बघत राहिली. मग हसली. "म्हंजे चालवणारा पाण्यात पडला तर मोटार थांबावी म्हणून हाय ही. माणसाला सोडून होडी पुढं जाऊ नये."

तिनं खुंट्याची गाठ सोडली, चाप जागेवर बसवला आणि दुसरं टोक युवराजच्या मनगटाला बांधलं. सावकाश, नीट, दोनदा ओढून बघत. दोरीवरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं आणि त्याच्या मनगटालाही.

कोंडीबा बघत होते. मग त्यांनी जीपवाल्याला जायची खूण केली आणि खिशातली सुपारी काढून मांडीवर ठेवली.

"पलीकडं पोचल्यावर फोडायची म्हणालो होतो," ते गोजाबाईला म्हणाले. "पर हिनं तर बांधूनबी टाकलं. आडकित्ता हाय का हितं?"