कासवाची फेरी

"माझ्या नातीला दावं बांधायला ती काय वासरू आहे?" सासूबाईंनी मनोरंजन उद्यानाच्या फाटकातच विचारलं.

"दावं नाही आई, सुरक्षापट्टा," काचवाला शांतपणे म्हणाला आणि लेकीच्या पाठीवरचं हिरवं कापडी कासव नीट बसवलं. कासवाचे पट्टे तिच्या खांद्यांवरून पुढे येऊन छातीवर एका लाल बटणाशी जुळत होते. कासवाच्या शेपटीपासून निघालेली दोरी काचवाल्याच्या कमरपट्ट्याला हुकाने अडकवलेली होती.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणं हा त्याचा धंदा. त्या धंद्यात एकच नियम: दुसरा हूक अडकल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. या नियमाच्या जोरावर तो रोज दिवसभर हवेत लटकत होता आणि संध्याकाळी धडधाकट घरी येत होता. जमिनीवर मात्र त्याची कीर्ती तितकीशी बरी नव्हती. मागच्या महिन्यात फर्निचरच्या दुकानात त्याने लेकीला, भिंगरीला, हरवलं होतं. अडीच वर्षांची पोर अख्ख्या दुकानाची झडती झाल्यावर एका विक्रीच्या कपाटात गाढ झोपलेली सापडली.

"अकराव्या मजल्यावरून साधं फडकं खाली पडू देत नाहीस, आणि जमिनीवर पोटची पोर हरवतोस?" बायको म्हणाली होती. तेव्हापासून बापलेकीचे रविवार बंद झाले. आज बायकोची दवाखान्यात कामाची पाळी होती म्हणून परवानगी मिळाली, तीही सासूबाई सोबत असतील तर. आज त्या काय सांगतील त्यावर पुढचे सगळे रविवार अवलंबून होते.

काचवाल्याला निकालाची काळजी नव्हती. कासव त्याने स्वतः तपासून घेतलं होतं. आठवडाभर रोज संध्याकाळी घरात सराव झाला होता. भिंगरीला तर लाल बटणाचा 'टक्क' आवाज इतका आवडला की तिने ते दाबून दाबून गुळगुळीत केलं होतं.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग भिंगरीला छोटी आगगाडी दिसली. फक्त मुलांसाठी, बिनटपाची, तळ्याला वळसा घालून परत येणारी. ती डब्यात चढून बसलीसुद्धा.

"साहेब, दोरी सोडा," गाडीवर मुलं बसवणारी बाई म्हणाली. "गाडी निघतेय."

"सोडतो. आधी दुसरा हूक."

त्याने कासवाच्या पोटाखालची आखूड दोरी काढून डब्याच्या दांड्याला अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग तो आपल्या कमरेचा हूक काढायला खाली वाकला.

इतक्यात गाडी निघाली.

दोरी ताणली गेली. हूक अस्सल होता. ताण असताना तो मुळीच उघडत नाही, हाच त्याचा गुण. काचवाल्याने या गुणाचं आजवर अनेकांपुढे कौतुक केलं होतं. आता तो गाडीबरोबर चालू लागला, मग भरभर चालू लागला, आणि तळ्याच्या वळणावर सरळ धावू लागला.

"अहो जावईबापू! थांबा!" मागून सासूबाई ओरडल्या.

"घाबरू नका आई! दोन्ही हूक लागलेत!"

"अहो, पण..."

पुढचं घंटेत बुडालं. गाडीवानाने आरशात पाहिलं. लेकराच्या हौसेपायी धावणारे बाप त्याने पुष्कळ पाहिले होते. त्याने कौतुकाने आणखी दोनदा घंटा वाजवली आणि वेग वाढवला.

डब्याची बाजू उंच होती. काचवाल्याला आत फक्त कासवाची हिरवी पाठ दिसत होती. "भिंगरे, बाबा आहे हं!" तो धापा टाकत म्हणाला. कासव शांत बसलं होतं. पोर घाबरली नाही, हे पाहून त्याला अभिमान वाटला.

तळ्याकाठच्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"आई, हे काका कशात बसलेत?" एका मुलाने विचारलं.

"बसले नाहीत रे, जुंपलेत."

बदकांचा थवा बाजूला झाला. फुगेवाला फुग्यांसकट कुंपणाला चिकटला. पुढच्या डब्यातल्या पोरांनी "पळ, घोड्या, पळ!" असा गजर सुरू केला. एक चप्पल बोगद्याच्या तोंडाशी राहिली, दुसरी बोगद्यात. पण काचवाल्याने दोरीला हिसका बसू दिला नाही. लेकरू जपून नेत होता तो.

अखेर गाडी फलाटावर थांबली. ताण गेला आणि हूक लोण्यासारखा उघडला. काचवाला डब्यावर ओणवा झाला.

"झालं हं राजा, आलो आप..."

डब्यात कासव होतं. नुसतं कासव. छातीवरचं लाल बटण उघडं होतं.

कपाट, दुकान, बायकोचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"बाबा, पुन्ना!"

फलाटाच्या बाकावर भिंगरी सासूबाईंच्या मांडीवर बसली होती. हनुवटीपर्यंत आइस्क्रीम होतं.

"तुम्ही कमरेशी खटपट करत होतात ना, तेव्हाच टक्क करून उतरली आणि माझ्याकडे आली," सासूबाई म्हणाल्या. "तेच तर सांगत होते. तुम्ही आपले कासवाला फिरवायला निघालात."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काचवाल्याने डोळे मिटले. निकाल लागत होता.

"हो गं, सगळे ठीक," सासूबाई बोलू लागल्या. "नाही, पोरगी नाही हरवली. ती माझ्याजवळच होती. जावई गेले होते, आत्ताच परत आलेत. अनवाणी." मग बराच वेळ त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. "हे बघ, माझं ऐक. दर रविवारी भिंगरीला त्यांच्याबरोबर पाठवत जा. या माणसाला एकट्याला बाहेर सोडण्यात अर्थ नाही."

फोन पर्समध्ये ठेवून त्यांनी कासवाच्या शेपटीची लांब दोरी सोडवली आणि तिचं टोक नातीच्या हातात दिलं. दुसरं टोक काचवाल्याने आपणहून कमरेला अडकवलं, ओढून पाहिलं आणि निमूटपणे भिंगरीच्या मागून चालू लागला, चपला शोधायला.