पेरुजाची रंगीत तालीम

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी, ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात घरोघरी लोक अर्ध्या चड्डीत गवत कापत असताना, जनार्दनराव दिवाणखान्यात उभे राहून एकावर एक दोन स्वेटर चढवत होते. त्यावर मुलाचा जाड कोट, मफलर, हातमोजे आणि सगळ्यांत शेवटी तपकिरी माकडटोपी. टोपी गळ्यापर्यंत ओढल्यावर त्यांचे फक्त डोळे आणि नाकाचा शेंडा बाहेर उरला.

"हे ध्यान घेऊन माझ्यासोबत कुठे येऊ नका," मंदाकिनीबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या.

जनार्दनराव टोपीच्या आतून काहीतरी बोलले. बाहेर आलं ते नुसतं "ऊं ऊंऊं". तरी मंदाकिनीबाईंना कळलं. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं बोलणं कळण्यासाठी ते ऐकू यावंच लागतं असं नाही. ते म्हणाले होते, "तू नाहीच येणार. गार्गी येते आहे."

या वेशामागे कारण होतं. जनार्दनराव वाईच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि आता मुलाकडे, शंतनूकडे, ऑकलंडला राहत होते. त्यांची धाकटी लेक उत्तरा इटलीत पेरुजा नावाच्या डोंगरावरच्या जुन्या शहरात, जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकत होती. वीस जानेवारीला तिची शेवटची तोंडी परीक्षा. तिच्या विद्यापीठात या परीक्षेला घरची माणसं मागे बाकांवर बसू शकतात, असं तिने सांगितलं, तेव्हाच जनार्दनरावांनी शब्द देऊन टाकला, की पहिल्या बाकावर मी असेन. जन्मभर ते बाकांच्या समोर उभे राहिले होते. एकदा बाकावर बसायचं होतं.

शंतनूचं म्हणणं वेगळं होतं. "बाबा, जानेवारीत तिथे दोन अंश असतं. वारा, धुकं. आणि गाव डोंगराच्या डोक्यावर. तुमचे गुडघे तर इथल्या बॉटनी भागातल्या मॉलमध्येसुद्धा कुरकुरतात."

"कुरकुरू देत. मॉलमध्ये तुम्ही सगळे सरकत्या जिन्याने जाता आणि मी साध्या जिन्याने चढतो. खरं की नाही?"

ते खरं होतं. मग शंतनूने अट घातली. पेरुजाला घालायचे सगळे कपडे अंगावर घालून बाबांनी घरापासून चढावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे टेकाडावरच्या किराणा दुकानापर्यंत, चालत जायचं, दूध घ्यायचं आणि चाळीस मिनिटांत परत यायचं. वाटेत कुठेही बसायचं नाही. बसले तर पेरुजा रद्द. आणि काहीही झालं तरी गुडघ्यांचा विषय उत्तराच्या कानावर घालायचा नाही, नाहीतर ती परीक्षेचा अभ्यास सोडून काळजी करत बसेल. तिला फक्त रोज हवामान विचारायचं.

जनार्दनराव तयारीला लागले. दोनशे पानी वहीत त्यांनी पेरुजाचं किमान, कमाल, वारा आणि धुकं यांचे रकाने आखले. थंडीच्या कपड्यांची मात्र पंचाईत झाली. इथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, त्यामुळे दुकानांत जिकडे तिकडे पोहायचे कपडे आणि जँडल म्हणजे आपल्या स्लिपरा. शेवटी पापाटोएटो नावाच्या उपनगरातल्या चौथ्या भारतीय दुकानात, उरलेल्या आकाशकंदिलांच्या मागून, दुकानदाराने माकडटोपी शोधून काढली आणि घरात कोण आजारी आहे म्हणून हळूच चौकशी केली.

चढाचा प्रश्न नव्हता. फ्लॅट बुशच्या नावात सपाटी असली तरी त्यांच्या घरामागचा रस्ता असा काही वर चढतो, की या नावाबद्दल नगरपालिकेला पत्र लिहायचं जनार्दनरावांच्या फार मनात होतं. अडलं ते धुक्याशी. धुकं कुठून आणणार? वहीत त्या रकान्याखाली त्यांनी लिहून ठेवलं: "सराव शिल्लक. तूर्त नियम पाठ करावेत. थांबावे. श्वास घ्यावा. डावा हात भिंतीला लावावा. सावकाश चालावे."

तर त्या शनिवारी पंच म्हणून नऊ वर्षांची नात गार्गी निघाली. गळ्यात स्टॉपवॉच, पायात जँडल. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. चढ सुरू झाला तसे जनार्दनराव टोपी हनुवटीखाली ओढून तिला समजावू लागले, की पृथ्वी कललेली आहे म्हणून आपल्याकडे ऊन असतं तेव्हा आत्याकडे थंडी. गार्गी म्हणाली, "आजोबा, वी डिड धिस इन यिअर फोर." त्यांनी तरीही पूर्ण समजावलं. अर्धा धडा ऐकणारा विद्यार्थी त्यांना जास्त धोक्याचा वाटत असे.

निम्म्या चढावर गार्गीच्या जँडलचा पट्टा निघाला. ती रस्त्याच्या कडेला बसली, पट्टा भोकात घुसवू लागली आणि आजोबांना म्हणाली, "यू गो. यू विल बी लेट." जनार्दनरावांनी टोपी पुन्हा तोंडावर ओढली, कारण नियम म्हणजे नियम, आणि एकटेच निघाले. उजवा हात कोटाच्या खिशात होता. त्यात होता तापमापक, फुटू नये म्हणून घट्ट धरलेला. त्याचं टोक खिशातून पुढे आलं होतं.

डेअरी पंधरा दिवसांपूर्वीच रणजित नावाच्या तरुणाने घेतली होती. आधीच्या मालकाने दुकान हवाली करताना त्याला पहिली गोष्ट दाखवली होती, ती गल्ल्याखालचं लाल बटण. कुणी तोंड झाकून लुटायला आलं तर दाबायचं. त्या सकाळी रणजितने मान वर केली, तर दारात तोंड झाकलेला, हातमोजे घातलेला, धापा टाकणारा माणूस, आणि त्याच्या खिशातून काहीतरी टोकदार आपल्यावर रोखलेलं.

जनार्दनराव इंग्रजीत म्हणाले, की दूध द्या, जरा लवकर, माझ्याकडे दोनच मिनिटं आहेत. टोपीतून बाहेर पडलं ते एवढंच: "ऊंऊं. क्विक. टू मिनिट्स."

रणजितने बटण दाबलं.

भोंगा किंचाळला आणि छतातल्या यंत्रातून, चोराला काही दिसू नये म्हणून, पांढरं धुकं असं सुटलं, की तीन श्वासांत दुकान, दूध, रणजित आणि स्वतःचे हातसुद्धा जनार्दनरावांना दिसेनासे झाले. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. जनार्दनरावांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की इतकं दाट तर वहीत एकाही दिवशी नाही.

ते थांबले. श्वास घेतला. तेवढ्यात गल्ल्यापलीकडे चिप्सची अख्खी मांडणी कोसळली आणि कुणीतरी कळवळलं, "आई गं."

जनार्दनरावांनी टोपी वर केली. "मराठी का तुम्ही?"

धुक्यातून घाबरा आवाज आला. "काका, तुम्ही चोर नाही?"

"मी भूगोलाचा मास्तर आहे."

"मग तोंडावर काय घातलंय?"

"माकडटोपी. मराठी माणसाला माकडटोपी ओळखू येऊ नये?"

"अकोल्यात असती तर ओळखली असती ना, काका," रणजित खोकत म्हणाला. त्याला दार कुठे आहे तेच कळेना.

"हलू नका. माझा कोट धरा," जनार्दनराव म्हणाले, आणि डावा हात भिंतीला लावून सावकाश निघाले. भिंतीनंतर हाताला गार काच लागली. तो फ्रीज होता. तो उघडून त्यांनी चाचपडत दुधाची बाटली काढून घेतली, कारण दूध हे अटीत होतं, आणि मग दार.

बाहेर गार्गी एक जँडल हातात घेऊन उभी होती. थोड्याच वेळात पोलीसबाई आल्या, "किया ओरा" असा माओरी नमस्कार म्हणाल्या आणि भर उन्हाळ्यात हा पोशाख कशासाठी, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. जनार्दनरावांनी दुधाची बाटली तिरकी धरून पृथ्वीच्या कलण्यापासून सुरुवात केली. बाटली सूर्याभोवती, म्हणजे रणजितभोवती, अर्धी फिरली तेव्हा बाईंनी वही मिटली आणि "स्वीट अ‍ॅज", म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून विषय संपवला.

भोंगा ऐकून गवत कापायचं यंत्र तिथेच टाकून शंतनू चढ धावत आला होता. तो दुकानापुढच्या दगडी कडेवर मटकन बसला. बोलता येईना, नुसता हात हलवत राहिला.

"काकांनी मला बाहेर काढलं. मी घाबरलो, हे नाही घाबरले," रणजितने त्याला सांगितलं.

गार्गीने स्टॉपवॉच पाहिलं. "आजोबा डिडन्ट सिट," ती निकाल दिल्यासारखी म्हणाली. "डॅड सॅट."

दम परत आल्यावर शंतनू एवढंच म्हणाला, "चला बाबा. पेरुजाला जाऊन या."

रात्रीच्या जेवणाआधी उत्तराला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. आता बाबा चढाच्या परीक्षेत पास झाल्यामुळे तिला सगळं सांगितलं, गुडघे, चढ, टोपी, धुकं. उत्तरा पडद्यावर हसून हसून आडवी झाली.

"अहो बाबा, पण इथे चढतंय कोण? खालच्या बसस्टँडपासून वरच्या चौकापर्यंत सरकते जिने आहेत. डोंगराच्या पोटातून. एक संपला की दुसरा."

सगळे हसले. जनार्दनराव हसले नाहीत. मंदाकिनीबाईही हसता हसता थांबल्या. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना जनार्दनरावांची चप्पल एकटीच वर गेली होती आणि ते खालीच राहिले होते. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून ते व्यायामासाठी साधा जिना चढतात, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खरं काय ते फक्त मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"किती गं आहेत असे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुष्कळ आहेत, आई. मजा येते."

जनार्दनरावांनी वही उघडली आणि धुक्याच्या पुढे नवा रकाना आखला.

रविवारी मॉल उघडला तेव्हा ते बॉटनीच्या सरकत्या जिन्यापुढे उभे होते. शेजारी गार्गी. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि वर जाऊन नाहीशा होत होत्या. गार्गीने हाताने दाखवलं, एक पाय, मग लगेच दुसरा, खाली बघायचं नाही. एका पायरीनंतर दुसरी गेली, दहावी गेली, विसावी गेली. मागे दोन माणसं येऊन थांबली. जनार्दनरावांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. मग आणखी चौघांना. आता लोक वळून वळून बघू लागले, तसा त्यांचा हात सावकाश खिशात गेला आणि तपकिरी लोकर बाहेर आली.

गार्गीने ती हातातून काढून घेतली. गैरसमजाला जागा राहू नये म्हणून ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "टोपी नाही घालायची, आजोबा. माझा हात धरायचा."

जनार्दनरावांनी हात धरला. "उजवा पाय आधी की डावा, बाई?" त्यांनी विचारलं.