उंदरांचं अनावरण

निळं सॅटिनचं कापड, काठाला सोनेरी झालर.

मोगरा अगरबत्ती. एक पुडा नव्हे, घरातले सगळे!

"मान्यवरांनी आपापल्याच खुर्चीवर बसावं ही नम्र विनंती."

रजनीबाईंचा भांडी घासायचा काथ्या सकाळपासून सापडत नाही.

थंडी अशी की कुत्रीसुद्धा उन्हाची जागा सोडेनात.

तर मंडळी, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध? आहे, संबंध आहे! आणि तो दीनानाथराव पाठकांशी आहे.

दीनानाथराव म्हणजे दिग्रसच्या मधुबन कॉलनीच्या विकास समितीचे अध्यक्ष. सचिवही तेच. सभेला हजर राहणारे सभासदही बहुतेक वेळा तेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा उत्साह धरणासारखा तुंबला होता. एके दिवशी त्यांनी चहाचा कप टेबलावर आपटला.

"महिनाभरात मधुबन उंदीरमुक्त करतो! नाही केलं तर नाव बदलीन!"

"बदला," त्यांच्या पत्नी रजनीबाई म्हणाल्या. "पण आधी बाथरूमचा नळ बदला."

या प्रतिज्ञेमागचं खरं कारण बसस्टँडसमोर उभं राहणार होतं. गावाचा स्वच्छतादूत निवडून त्याचा भलामोठा फोटो तिथल्या फलकावर लागणार होता. आणि 'दूत तुमच्या मंचावरूनच निवडू' असा शब्द नगरसेवक देवसिंग राठोड यांनी दिला होता. दीनानाथरावांचा फोटो आयुष्यात एकदाच छापून आला होता. खाली लिहिलं होतं 'डावीकडून सातवे'. डावीकडून सातवा माणूस नेमका शिंकत होता! त्यामुळे यावेळी त्यांनी आधीच कोट घालून स्टुडिओत फोटो काढून ठेवला होता. न शिंकता.

आता उंदीर गेले हे लोकांना कळणार कसं? गेलेली वस्तू दिसत नाही, हीच तर अडचण! दीनानाथरावांच्या डोक्यात वीज चमकली. ढीग दाखवायचा! नुसता दाखवायचा नाही, त्याचं अनावरण करायचं!

रविवारी सकाळी कॉलनीच्या मैदानात मंच सजला. मधोमध, मान्यवरांच्या पहिल्या रांगेच्या अगदी पायांशी, चादरीवर मेलेले उंदीर रचले. वर निळं सॅटिन. भोवती झेंडूच्या पाकळ्या. चारी कोपऱ्यांना अगरबत्त्या, कारण वास कोणाच्या हुद्द्याकडे पाहत नाही. कापड टाकण्याआधी बचत गटाच्या मैनाबाईंनी वाकून पाहिलं.

"येवढे उंदीर आपल्या कॉलनीत होते? मले तं कधी एकबी दिसला नाई!"

"दिसत नाहीत, तेच तर धोक्याचं असतं!" दीनानाथराव म्हणाले, आणि घाईघाईने झालर सारखी करू लागले.

खुर्च्या मानाप्रमाणे होत्या. मधली देवसिंग यांची. तिच्या उजवीकडची खास दीनानाथरावांची; वर चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली! पण देवसिंग आले ते साळ्याला, बायकोच्या भावाला घेऊन. साळे बाबूसिंग सरळ त्या खुर्चीत बसले. चिठ्ठीवरच बसले.

"बाबूसिंगजी, ती जरा..." दीनानाथराव पुटपुटले.

"बसू द्या ना पाठक साहेब," देवसिंग म्हणाले. "तुमी तं घरचेच! तुमाले खुर्ची कायले पाह्यजे?"

घरचे दीनानाथराव मंचाच्या मागे ध्वनिक्षेपकाच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना मान्यवरांच्या फक्त माना दिसत होत्या.

व्याख्यात्या होत्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर विजयमाला. एक बाळंतपण अडल्यामुळे त्यांना यायला बराच उशीर झाला. तोवर पहिली रांग ढिगाला पाय लावून शाल-श्रीफळाची वाट पाहत होती. आधी देवसिंग यांनी उजव्या पायाने डावी पोटरी घासली. मग बाबूसिंगांनी मोज्यात बोट घातलं. मग सगळी रांगच अशी चुळबुळू लागली, जणू राष्ट्रगीत सुरू व्हायचंय आणि उभं कधी राहायचं ते कोणालाच ठाऊक नाही!

डॉक्टर आल्या. कापडाखाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, कोनशिला असेल. त्यांनी थेट बोलायला सुरुवात केली.

"उंदराच्या अंगावर माइट नावाचे बारीक किडे असतात. गोचिडीच्या जवळचे, पण इतके लहान की सहज दिसत नाहीत. उंदीर जिवंत असतो तोवर ते बहुधा त्याच्यावरच जगतात. पण उंदीर मेला, अंग गार पडलं, की ते बाहेर पडतात आणि जवळचं गरम अंग शोधतात. थंडीत तर फारच."

पहिल्या रांगेचं खाजवणं थांबलं. एकेक नजर निळ्या सॅटिनकडे वळली.

"ते चावले की पुरळ येतं. सगळ्यांमुळे ताप येत नाही, पण काही जातींमुळे येतो आणि तो अंगावर काढला तर जिवावर बेततो. म्हणून आधी किड्यांचा बंदोबस्त करायचा, मग उंदरांचा. आणि मेलेला उंदीर माणसांजवळ क्षणभरही ठेवायचा नाही!"

मागे पेटीच्या कर्कश शिट्टीशी झुंजत असलेल्या दीनानाथरावांना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. त्यांनी दुसरा माइक हिसकावला आणि गर्जना केली, "आणि आता तो क्षण! नगरसेवकांच्या शुभहस्ते अनावरण!"

सवयीने देवसिंग यांनी दोरी ओढली.

डॉक्टर किंचाळल्या. "खाली उतरा! सगळे खाली उतरा!"

कोणी हललं नाही.

"अहो, उतरता काहून नाही?" मैनाबाई खालून ओरडल्या.

"शाल भेटल्याबिगर कायले उतरू?" बाबूसिंग दोन्ही हातांनी पाय खाजवत म्हणाले.

शेवटी शाली धावतपळत वाटल्या, तेव्हा कुठे मंच रिकामा झाला. डॉक्टरांनी हातमोजे घालून ढिगावर औषध ओतलं, तो खोल खड्ड्यात पुरायला लावला आणि मंचावरच्या सर्वांना तपासणीला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. प्रफुल्ल नावाच्या पत्रकाराने लिहिलं होतं, 'मंचावरील मान्यवरांना पुरळ'. खाली नावं. देवसिंग, बाबूसिंग, अगदी हारवाल्यापर्यंत सगळी! दीनानाथरावांचं नाव नाही.

"म्हणजे मी मंचावर नव्हतोच?" ते ओरडले. "कार्यक्रम माझा, उंदीर माझे, आणि पुरळ त्या बाबूसिंगला?"

दवाखान्यात तर वेगळाच थाट. रांगसुद्धा मानाप्रमाणे लागली होती. कार्यक्रमात खाली सतरंजीवर बसलेले लोकही पाय खाजवत 'आमीबी वरच होतो' म्हणून सांगत होते. पुरळ ही गावातली नवी प्रतिष्ठा झाली होती! दीनानाथराव बाह्या वर करून आले. दोन्ही हात लालबुंद.

डॉक्टरांनी भिंग लावलं. "काका, हा किडा नाही. ही घासणी आहे."

"माझा काथ्या!" रजनीबाई म्हणाल्या. मग त्यांना नवऱ्याची दया आली. "मॅडम, हात सोडा, यांच्या पोटऱ्या पाहा. शनिवारी रात्रभर खाजवून राह्यले होते."

"रजनी, चल घरी!"

पण डॉक्टरांनी पायजमा वर सरकवला होता. "हे चावे मात्र खरे आहेत! आणि इतरांपेक्षा जुने. काका, कार्यक्रमाच्या आधी तुम्ही कुठे गेला होतात? हे लपवण्यासारखं नाही, ताप आला तर मला कळायला हवं."

दीनानाथरावांनी पायजमा खाली ओढला.

"म्हंजे आमच्या आधी?" देवसिंग खुर्चीतून उठले. "प्रमुख पाहुणा मी, अन् पह्यला चावा यायले?"

प्रफुल्लने मोबाइल काढला. फोटो छापून आला, चांगला रंगीत, 'पहिला रुग्ण' या मथळ्याखाली. चेहरा जागेअभावी कापला होता. पोटऱ्या मात्र स्पष्ट होत्या. रजनीबाईंनी त्या ओळखल्या.

मधुबन कॉलनीत उंदीर सापडले होते चार. बाकीचे कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या सरकीच्या गोदामातले होते, आणि त्यांचं पोतं दीनानाथराव शनिवारी संध्याकाळी स्कूटरवर स्वतःच्या पायांमध्ये धरून घेऊन आले होते.