मानद कर्मचारी, वय वर्षे सहा

साथीच्या तिसऱ्या महिन्यात तक्रार निवारण कार्यालयाने एक परिपत्रक काढलं. घरून काम करताना, संगणकावर चालणाऱ्या बैठकीत कर्मचाऱ्यांखेरीज इतर कोणाचाही आवाज ऐकू येता कामा नये. आल्यास ज्ञापन, म्हणजे लेखी समज. दोन ज्ञापनांनंतर तिसऱ्यांदा आवाज आला, तर संबंधिताला सेवेतून कमी करण्यात येईल. खाली साहेबांची सही होती. साहेबांना मूलबाळ नव्हतं, कुत्रा होता. कुत्र्याच्या आवाजाला परिशिष्टात सूट होती.

हेडक्लार्कने परिपत्रक तीन वेळा वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एकोणीस वर्षं नोकरी झालेली, सेवापुस्तकावर एक डाग नाही. बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. ती सकाळी सातला जायची ती संध्याकाळी यायची, आणि त्या वर्षी तिला 'घरी थांब' म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. घरात उरायची दोन मुलं. थोरली भिंगरी, वय सहा. नाव तिच्या आजीने ठेवलेलं आणि ते चुकीचं आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तिच्या पाठचे धाकटे चिरंजीव, वय तीन. घर दोन खोल्यांचं. आता या दोघांचा आवाज येऊ नये म्हणून करायचं काय? तोंडात बोळे कोंबायचे?

पहिलं ज्ञापन आठवड्याच्या आत आलं. साहेब कार्यालयाच्या कामगिरीचा अहवाल वाचत होते. शेवटच्या परिच्छेदावर आले आणि आतून धाकट्यांचा खणखणीत आवाज आला, "बाबा, शी झाली!" इतिवृत्त लिहिणारे गृहस्थ प्रामाणिक. त्यांनी लिहिलं, 'अहवालाचे वाचन झाले. त्यावर "शी झाली" असा अभिप्राय प्राप्त झाला.'

दुसऱ्या ज्ञापनाला भिंगरी कारणीभूत झाली. ती बापाच्या खांद्यावरून डोकावली आणि पडद्यावरच्या साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, हे काका मघापासून तेच तेच का सांगतायत? विसरतात का ते?" चाळीस जणांनी एकाच वेळी खोकला आल्याचं दाखवलं. त्या दिवसांत खोकणं काही साधं नव्हतं, पण हसण्यापेक्षा बरं.

आता फक्त एक आवाज शिल्लक होता. हेडक्लार्कने मुलांना चित्रं दिली, बिस्किटं दिली, धमक्या दिल्या, शेवटी हात जोडले. कशाचा काही उपयोग होईना. मग त्याने अस्सल कारकुनाने करावं ते केलं. परिपत्रक चौथ्यांदा वाचलं. 'कर्मचाऱ्यांखेरीज इतर' या दोन शब्दांवर त्याचं बोट थांबलं. त्याने नेमणुका बघणाऱ्या आस्थापना शाखेच्या बाईंना फोन लावला.

"बाई, कर्मचाऱ्यांचा आवाज आलेला चालतो ना?"

"चालतो म्हणजे काय, आलाच पाहिजे. नाही आला तर गैरहजेरी."

"मग माझी मुलं कर्मचारी असली तर?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "वय काय त्यांचं?"

"सहा आणि तीन."

"नियमात वयाची वरची मर्यादा आहे. खालची लिहायची राहिलीय," बाई म्हणाल्या. "पण पद मंजूर नाही. मानद म्हणून घेते. मानदला कुणाची मंजुरी लागत नाही. अर्ज पाठवा, फोटो गंभीर हवा."

अर्ज भरला. शिक्षण: पहिली, चालू. अनुभव: तक्रारी करणे, सहा वर्षे. धाकट्यांना प्रशिक्षणार्थी केलं. त्यांचा गंभीर फोटो काही निघेना, म्हणून झोपेतला लावला. दोन दिवसांत दोघांना क्रमांक मिळाले आणि हेडक्लार्कने कित्येक दिवसांनी सुखाचा श्वास घेतला. पुढच्या बैठकीत धाकट्यांनी भोकाड पसरलं तेव्हा इतिवृत्तात नोंद झाली, 'प्रशिक्षणार्थींनी तीव्र भावना व्यक्त केल्या.' ज्ञापन नाही!

बायकोने मात्र डोक्याला हात लावला. "तुला वेडबिड लागलंय का? सहा वर्षांची आहे ती. खेळू दे की तिला."

"खेळली की आवाज होतो."

"अरे, मग होऊ दे!"

"माझी नोकरी जाईल त्याचं काय?" ती तशीच जाऊन आडवी झाली. दमलीही होती बिचारी.

पण कर्मचारी म्हटलं की कोटा आला. माणशी रोज वीस तक्रारी निकाली काढायच्या. म्हणजे एका घरात साठ. हेडक्लार्कने एकोणीस वर्षांत कधी एका दिवसात साठ तक्रारी नुसत्या मोजल्यासुद्धा नव्हत्या. दुपारपर्यंत त्याच्या नाकी नऊ आले. ते बघून भिंगरी म्हणाली, "तू वाच, मी उत्तर सांगते."

गंमत म्हणून त्याने वाचलं. "आमच्या रस्त्यावरचा खड्डा पाच वर्षांपासून आहे."

"मग बाजूने जा ना," भिंगरी म्हणाली.

हेडक्लार्कची बोटं आपोआप चालू लागली. 'नागरिकांनी उपलब्ध पर्यायी मार्गाचा अवलंब करावा.' त्याने पडद्याकडे पाहिलं. उत्तर निर्दोष होतं. वरिष्ठांनी यात काय काढलं असतं? काहीच नाही.

"ही तिसऱ्यांदा तक्रार करतोय म्हणून लिहिलंय यांनी."

"सारखं सारखं नाही विचारायचं. मग मुळीच मिळत नाही."

'वारंवार पृच्छा केल्यास प्रकरण विलंबित होऊ शकते.'

"शेजारच्यांनी आमच्या बाजूला भिंत घातली, असं म्हणतायत."

"आधी कुणी सुरुवात केली?"

'उभय पक्षांनी मूळ कारणाचा शोध घ्यावा.' चार वाजायच्या आत साठच्या साठ तक्रारी निघाल्या. त्यातल्या वीस धाकट्यांच्या नावावर टाकल्या. त्यांचं प्रत्येक उत्तर 'नाही' होतं, आणि तेही कामाला आलं.

महिनाभरात कार्यालयाच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. एका नागरिकाचं आभाराचं पत्र आलं. मग दहा, मग पोतंभर. उत्तर त्याच दिवशी येतं, याचंच लोकांना केवढं अप्रूप! साहेबांनी बैठकीत विचारलं, "या नव्या बाई कोण? निपटारा शंभर टक्के आहे त्यांचा." भिंगरीने हात वर केला. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. साहेब म्हणाले, "अनुभवी दिसता." साहेब चष्मा लावत नसत.

भिंगरीला हे सगळं आधी दोन दिवस खेळ वाटलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता पकडापकडी खेळू या?" हेडक्लार्क म्हणाला, "कोटा झाल्यावर." कोटा झाल्यावर साहेबांनी तिचा कोटा चाळीस केला. मग तिने विचारायचं सोडून दिलं. सारखं सारखं विचारायचं नसतं, हे तिला ठाऊकच होतं.

आणि मग दुसरं परिपत्रक आलं. काटकसरीचे दिवस होते. एका घरात एकच कर्मचारी राहील, आणि कोण राहील हे कामगिरीवर ठरेल. हेडक्लार्कने आस्थापनावाल्या बाईंना घाईघाईने फोन केला.

"बाई, पोरांची नावं काढून टाका. गरज संपली."

"असं कसं काढू? तुलना झालीय," बाई म्हणाल्या. "मुलीचा निपटारा शंभर टक्के, शिवाय मानद. तुमच्यावर दोन ज्ञापनं आहेत, शिवाय तुम्ही पगारी."

"अहो, ती ज्ञापनं त्यांच्यामुळेच आली ना!"

"तेव्हा ती कर्मचारी नव्हती. तिची पाटी कोरी आहे."

"आणि धाकटा? तो तरी माझ्या खाली असेल?"

"तुमच्या वर आहे. रजा नाही, ज्ञापन नाही, बैठकीत दोनदा झोपला, पण तो निकष नाही. असता तर साहेबच..." बाईंनी वाक्य तिथेच थांबवलं. "तुम्ही असं करा, रीतसर तक्रार करा. अन्याय झालाय तुमच्यावर, मलाही पटतं."

हेडक्लार्क सेवेतून कमी झाला. आता तो 'इतर' होता. बैठक चालू असताना तो घरात अनवाणी, भिंतीला धरून चालायचा. त्याने जन्मात लिहिली नव्हती अशी तक्रार लिहिली, चार पानी, मुद्देसूद, नियमांच्या आधारासह, आणि पाठवून दिली. कार्यालयाने ती अतिमहत्त्वाची ठरवली. अतिमहत्त्वाच्या तक्रारी सर्वांत कार्यक्षम कर्मचाऱ्याकडे जात. त्याच दिवशी, सगळ्यांत आधी, ती भिंगरीच्या पडद्यावर आली.

वाचायचं आणि टंकायचं काम अजून त्याच्याचकडे होतं, पालक म्हणून. त्याने घसा खाकरला. चार पानं वाचवेनात.

"एक माणूस आहे," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं काम केलं त्याने. आता म्हणतात, तू नकोस. त्याला परत कामावर घ्यायचं का?"

भिंगरीने पेन्सिल चावत विचार केला. एवढा विचार तिने आजवर कुठल्याच तक्रारीवर केला नव्हता.

"त्याच्या घरी मुलं आहेत?"

"आहेत. दोन."

"मग नको. त्याला सांग, घरीच राहा. मुलांना किती मज्जा येईल!"

हेडक्लार्कला एकदम भरून आलं. पोरीला उचलून घ्यावं, संगणक बंद करावा, खाली पकडापकडी खेळायला पळत सुटावं, असं त्याला खरोखर वाटलं. पण प्रकरण प्रलंबित होतं. त्याने डोळे पुसले आणि टंकलं, 'सखोल विचारांती आपली विनंती अमान्य करण्यात येत आहे. कुटुंबीयांचा लाभ विचारात घेतला आहे.' मग त्याने पुढची तक्रार उघडली. अजून एकोणचाळीस होत्या.

संध्याकाळी उत्तर त्याला मिळालं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, बायकोला दाखवलं, आणि नवल म्हणजे त्याला जरा बरं वाटलं. "काही म्हण," तो म्हणाला, "त्याच दिवशी उत्तर आलं. भाषाही किती सभ्य!"

पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या, भिंगरीने राजीनामा दिला. तिच्या जागी पन्नाशीचे एक अनुभवी गृहस्थ आले आहेत. उत्तरं तीच असतात, फक्त आठ महिने लागतात. लोक म्हणतात, साथीतला कारभार चांगला होता. तुम्हीही म्हणता. तुमच्याही तक्रारीला त्या वर्षी दोन ओळींचं उत्तर आलं होतं, तुम्ही ते चार जणांना फॉरवर्ड केलंत आणि आभाराचं पत्रही पाठवलंत. तुमची तक्रार नेमकी कशाची होती, आठवतंय?